शहरातील शेती : हौस, गरज आणि जमिनीचा भाव

मुंबईच्या गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे, आंबेवाडी आहे आणि मुगभाटही आहे. फणस, केळी, आंबे वा मूग यांपैकी काहीही आज तेथे पिकत नाही; परंतु नावे मात्र टिकून राहिली आहेत. वाडी म्हणजे बागाईत आणि भाट म्हणजे लागवडीखालची जमीन, हे अर्थ विसरूनच तेथील चाळींत पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. शहर वाढले की शेतीने मागे हटायचे, हा क्रम आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे की, तो जणू निसर्गाचा नियमच वाटावा.

गेल्या काही वर्षांत मात्र या क्रमाच्या उलट दिशेने जाणारा एक विचार मूळ धरू लागला आहे. गच्चीवर वाफे करून पालेभाज्या काढणारी कुटुंबे पुण्या-मुंबईत दिसू लागली आहेत. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे खत करून त्यावर मेथी-कोथिंबीर वाढविण्याचे प्रयोग होत आहेत. बंद दालनांत, विजेच्या दिव्यांखाली, मातीविना भाजी पिकविणारे कारखानेही जगात उभे राहिले. शहराने आपले अन्न आपणच पिकवावे, असा या सर्वांचा घोष आहे. त्याची थट्टा करणारेही कमी नाहीत. कुंडीतल्या चार मिरच्यांनी कोणाचे पोट भरणार, असा त्यांचा सवाल असतो. उत्साह आणि उपहास या दोहोंत एक गोष्ट समान आहे. दोन्ही पक्ष शहरातील शेतीचे मोजमाप तिच्यातून निघणाऱ्या मालाच्या वजनावर करतात. हे माप अपुरे आहे. आणि माप अपुरे असल्यामुळेच खरा प्रश्न, म्हणजे शहरातील व शहराच्या वेशीवरील जमिनीचा प्रश्न, नजरेआड होतो.

वजनाचा हिशेब

प्रथम वजनाचाच हिशेब मांडून मोकळे व्हावे. माणशी दररोज ३०० ग्रॅम भाजी धरली, तर वर्षाला माणशी सुमारे ११० किलो भाजी लागते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. म्हणजे तेवढ्या लोकांना वर्षाला साडेतेरा लाख टनांहून अधिक भाजी हवी. आपल्या देशात भाजीपाल्याचे सरासरी उत्पादन हेक्टरी १७-१८ टनांच्या घरात आहे. वर्षातून दोन पिके निघतील असे धरले, तरी या एका शहराच्या भाजीसाठी सुमारे ३८ हजार हेक्टर जमीन लागेल. बृहन्मुंबईचे एकूण क्षेत्रफळ साडेचारशे चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ४५ हजार हेक्टर आहे. रस्ते, रेल्वे, घरे, गिरण्यांच्या जागा, डोंगर, सारे धरून चार-पंचमांशाहून अधिक मुंबई नांगराखाली घातली तरच मुंबईला भाजी पुरेल. आणि त्यानंतरही तांदूळ, गहू, डाळी, तेल व दूध यांची सोय बाहेरूनच करावी लागेल.

गच्चीचा हिशेबही याहून फारसा निराळा नाही. शंभर चौरस फुटांच्या गच्चीवर चौरस मीटरमागे वर्षाला ५ किलो भाजी निघाली असे मानले, तर एकूण भाजी सुमारे ४५ किलो होईल. चौघांच्या कुटुंबाच्या गरजेचा तो जेमतेम दहावा हिस्सा आहे. शिवाय ज्यांच्याकडे गच्ची आहे त्यांना भाजी विकत घेणे परवडते, आणि ज्यांना ती परवडत नाही त्यांच्याकडे गच्ची नसते. तेव्हा शहरातील शेतीने शहर स्वयंपूर्ण होईल, ही कल्पना सोडून दिलेली बरी.

थ्युनेनची वर्तुळे

परंतु एवढ्यावरून शहरातील शेती निरर्थक ठरत नाही. शहर आणि शेती यांच्या नात्याचा पहिला शास्त्रशुद्ध विचार योहान हाइनरिश फॉन थ्युनेन या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. सपाट मैदानात एकच शहर आहे, असे गृहीत धरून त्याच्याभोवती कोणती पिके कोठे घेतली जातील, याचा त्याने हिशेब मांडला. लवकर नासणारा माल, म्हणजे भाजीपाला व दूध, शहराला लागून असलेल्या पहिल्या वर्तुळात. धान्य त्याच्या पलीकडे. आणि गुरांची कुरणे सर्वांत बाहेर. या पहिल्या वर्तुळाचे आणखी एक वैशिष्ट्य त्याने टिपले होते. तेथील जमीन शहरातून येणाऱ्या खतावर पोसली जात असे. शहर जे टाकून देई, ते शेत घेई. आणि शेत जे पिकवी, ते शहर खाई. देवाणघेवाणीचे हे चक्र होते.

पुढे आगगाडी आली, मालमोटारी आल्या, शीतगृहे आली, आणि ही वर्तुळे विस्कटली. आज मुंबईची भाजी नाशिक-पुण्याकडून वाशीच्या घाऊक बाजारात येते व तेथून घरोघर पोहोचते. कांदा-बटाटा असा प्रवास सहज सोसतो. पण पालक, मेथी, आळू, माठ यांना तो मानवत नाही. पालेभाजी तोडल्यापासून तासागणिक कोमेजते आणि वाटेत तिचा काही भाग फुकट जातो. म्हणूनच पालेभाजीचे मळे आजही शहराच्या अंगाशी चिकटून असतात. यंत्रयुगाने थ्युनेनचे पहिले वर्तुळ अरुंद केले. पुसून टाकलेले नाही. मात्र खताचे चक्र तुटले ते तुटलेच. शहराचा ओला कचरा डेपोवर जाऊन कुजतो, सांडपाणी नदीत वा खाडीत जाते, आणि शेतकरी रासायनिक खताची गोणी विकत घेतो.

संकटापुरती शेती

शहरातील शेतीला सरकारने जवळ केले ते बहुधा संकटातच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये बागा व मैदाने खणून भाज्या लावल्या गेल्या. अमेरिकेत घराघरांच्या परसात ‘विजयबागा’ फुलल्या; त्यांची संख्या दोन कोटींच्या घरात गेली होती. आपल्याकडे १९४३ साली, बंगालच्या भीषण दुष्काळाच्या वर्षी, ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली. युद्ध संपताच अमेरिकेतील बहुतेक बागांवर पुन्हा हिरवळ उगवली. टंचाई सरली की गरज सरते, आणि गरज सरली की जमिनीचा भाव आपले राज्य पुन्हा स्थापतो, असाच हा इतिहास आहे.

याला ठळक अपवाद म्हणून हवाना शहराचे नाव नेहमी घेतले जाते. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यानंतर १९९० च्या दशकात क्यूबाचे तेल, खते आणि यंत्रांचे सुटे भाग एकाएकी आटले. खेड्यातून शहरात माल आणायला इंधन नव्हते. तेव्हा हवानातील मोकळ्या जागांवर सिमेंटचे वाफे बांधून, त्यांत कंपोस्ट खत भरून भाज्या पिकविण्यात आल्या आणि शहराच्या ताज्या भाजीचा मोठा वाटा शहरातूनच निघू लागला. ही कथा सांगताना एक तपशील मात्र वगळला जातो. कसणाऱ्याला ही जमीन सरकारने विनामूल्य वापरायला दिली होती. तेथे जमिनीचा बाजार नव्हता, म्हणून वाफ्याला इमारतीशी स्पर्धा करावी लागली नाही. आणि एवढे होऊनही क्यूबा आपल्या अन्नाचा मोठा भाग आजही आयात करतो.

दुसऱ्या टोकाला भांडवलाच्या बळावर जमिनीचा प्रश्न सोडवू पाहणारी शेती आहे. जमीन महाग आहे ना, मग एकावर एक मजले चढवा आणि प्रत्येक मजल्यावर दिव्यांच्या उजेडात भाजी पिकवा, असा हा मार्ग. यात पाणी फार थोडे लागते, कीटकनाशके लागत नाहीत, हे खरे. परंतु शेताला सूर्य फुकट मिळतो. कारखान्याला त्याची जागा घेणारी वीज विकत घ्यावी लागते. कोशिंबिरीची महागडी पाने यातून निघतात. ज्वारी-बाजरी निघत नाही. अमेरिकेतील एरोफार्म्स या नामांकित कंपनीने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बाउरी फार्मिंगने नोव्हेंबर २०२४ मध्ये काम थांबविले. आणि मार्च २०२५ मध्ये प्लेंटी या कंपनीवरही दिवाळखोरीची पाळी आली. तंत्र वाया गेले असे यावरून म्हणता येणार नाही. पण शहराच्या सामान्य माणसाची भाजी या वाटेने स्वस्त होईल, हा भरवसा तूर्त तरी बाळगता येत नाही.

कोलकात्याचे उदाहरण

मग शहरातील शेतीचे खरे सामर्थ्य कोठे आहे? त्याचे उत्तर परदेशात शोधण्याची गरज नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांवाटे या उथळ तळ्यांत येते. तळी उथळ असल्याने ऊन तळापर्यंत पोहोचते. उन्हावर शेवाळ वाढते, शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, जिवाणू घाणीचे विघटन करतात आणि वाढलेले शेवाळ मासे खातात. तळ्यांतून बाहेर पडणारे निवळलेले पाणी भातशेतीला मिळते. जवळच्या धापा भागात शहराच्या कचऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकत आला. या तळ्यांतून वर्षाला सुमारे दहा हजार टन मासळी निघते, असा अंदाज दिला जातो. परंतु मासळीपेक्षाही मोठी गोष्ट अशी की, शहराचे पुष्कळसे सांडपाणी शुद्ध करण्याचे काम येथील कोळी आणि शेतकरी विनावेतन करतात. एरवी त्यासाठी यंत्रे, वीज आणि सरकारी खजिना यांची जोड लागली असती.

ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने १९८० च्या दशकापासून या व्यवस्थेचा अभ्यास करून तिचे मोल जगापुढे मांडले. तोपर्यंत या प्रदेशाकडे निव्वळ भर घालण्याजोगी दलदल म्हणून पाहिले जात होते. सॉल्ट लेक ही वसाहत अशाच भरावावर उभी राहिली आहे. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने येथील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ साली या प्रदेशाला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला आणि २००६ साली पश्चिम बंगालने त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. अतिक्रमणे त्यानंतरही थांबलेली नाहीत. तथापि न्यायालय व कायदा मध्ये पडले नसते, तर आज तेथे तळ्यांऐवजी इमारतींच्या रांगा दिसल्या असत्या, यात संशय नाही. बाजाराच्या हिशेबात हा प्रदेश काही हजार टन मासळी देणारी ओसाड जमीन होता. शहराच्या हिशेबात तो एक प्रचंड सार्वजनिक बांधकाम होता. दोन हिशेबांतील ही तफावत हेच या साऱ्या विषयाचे मर्म आहे.

मलिन पाणी आणि शिक्षेचे धनी

सांडपाण्यावरची शेती म्हणताच मुंबईकराला लोहमार्गालगतचा पालक आठवेल. रेल्वेने आपल्या मोकळ्या जमिनी कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी परवान्याने दिल्या, आणि उपनगरी गाडीच्या खिडकीतून पालक, लाल माठ, भेंडी यांचे वाफे प्रवाशांनी वर्षानुवर्षे पाहिले. त्यांना जवळच्या नाल्याचे पाणी दिले जाते, या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत. तक्रार रास्त आहे. घरगुती मैल्यातील रोगजंतू भाजी नीट धुतल्याने व शिजविल्याने बऱ्याच अंशी आटोक्यात येतात. परंतु कारखान्यांतून येणारे शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू धुण्याने जात नाहीत व शिजविण्याने नष्ट होत नाहीत. कोलकात्यालाही कातडी कमावण्याच्या धंद्यातून येणाऱ्या रसायनांची हीच चिंता आहे.

मात्र या रोगावर जो उपाय केला जातो तो विचार करण्यासारखा आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत यमुनेच्या पूरक्षेत्रात खाद्य पिके घेण्यास बंदी घातली. प्रदूषित पाण्यावरील भाजी लोकांच्या पोटात जाऊ नये, हा हेतू योग्यच होता. परंतु यमुना मलिन केली ती भाजीवाल्याने नव्हे. नदीत घाण सोडणाऱ्यांना आवरण्याचे काम रेंगाळले आणि काठावर खंडाने जमीन कसणाऱ्याचे पीक मात्र तत्काळ बेकायदा ठरले. शहराच्या घाणीचा भार एकाने टाकावा आणि तिची शिक्षा दुसऱ्याने भोगावी, हा न्याय म्हणता येईल काय?

याहून शहाणपणाचा मार्ग असू शकतो, हे पुण्याच्या उदाहरणाने निदान सूचित केले आहे. पुण्याला धरणातून मिळणाऱ्या वाढीव पाण्याच्या बदल्यात महापालिकेने सांडपाण्यावर प्रक्रिया करून वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट पाणी शेतीसाठी द्यावे, असे ठरले. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधून ते पाणी जुन्या मुठा कालव्यातून हवेली, दौंडकडील शेतांना सोडण्यात येऊ लागले. हे पाणी पुरेसे शुद्ध नसते, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती दूर व्हायलाच हवी. पण शहराने पाणी घ्यावे व ते शेतीला परत करावे, हे तत्त्व यात मान्य झाले आहे. थ्युनेनच्या काळातील तुटलेले चक्र पुन्हा सांधण्याचाच हा प्रयत्न आहे.

वसईचा प्रश्न

महाराष्ट्रात या साऱ्या प्रश्नांची एकत्र गाठ पडते ती वसईत. केळी, विड्याची पाने, फुले आणि भाजीपाला यांसाठी हा पट्टा पूर्वापार प्रसिद्ध. येथील सुकेळी मुंबईच्या बाजारात आवडीने घेतली जात. पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन मुंबई गाठणाऱ्या वसईच्या बायकांनी दादर-अंधेरीच्या कित्येक घरांना ताजी भाजी पुरविली. मुंबईचे पहिले वर्तुळ ते हेच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हिरव्या पट्ट्यावर इमारतींचे संकट आले. विहिरींतील गोडे पाणी टँकरने उपसून नव्या वसाहतींना विकले जाऊ लागले. उपसा वाढला की समुद्राकाठच्या विहिरींत खारे पाणी शिरते आणि मग बाग उभी राहत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले. पुढे २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा आपली गावे तिच्यातून वगळावीत म्हणून हिरव्या गावांनी पुन्हा लढा दिला. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. मुंबईत चाळीत वा झोपडीत दिवस काढलेल्या कारकुनाला परवडेल अशी खोली वसई-विरारनेच दिली. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची ४५ टक्के लोकसंख्या शहरांत राहत होती. एवढ्या माणसांना घरे हवीत आणि घरांना जमीन हवी. शिवाय ज्या शेतकऱ्याची जमीन हिरव्या पट्ट्यात राहते, त्याच्या शेजाऱ्याची जमीन लाखमोलाने विकली जाते आणि त्याने मात्र विड्याच्या पानांवर समाधान मानावे, अशी अपेक्षा केली जाते. शहराला हवी असलेली मोकळी हवा त्याने स्वतःच्या खर्चाने पुरवावी, हा आग्रह नैतिक म्हणता येणार नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर त्याची शेती जे बाह्य लाभ देते, म्हणजे मुरणारे पावसाचे पाणी, पुराला मिळणारी वाट, गोड्या विहिरी, थंड हवा आणि ताजी भाजी, त्यांपैकी फक्त भाजीची किंमत बाजार मोजतो. उरलेले सारे फुकट जाते, आणि बाजारात जे फुकट असते ते टिकत नाही.

काय करता येईल

यावरून शहरातील शेतीसंबंधीचे धोरण कोणत्या क्रमाने आखावे, हे स्पष्ट होते. आज गच्चीवरील बागांची स्पर्धा आधी होते आणि वेशीवरचे मळे बिनशेती होताना कोणी पाहत नाही. हा क्रम उलटा केला पाहिजे. जे मळे, तळी आणि वाड्या अद्याप जिवंत आहेत, त्यांचे रक्षण प्रथम. नव्या कुंड्या मागून. एका वर्षात बिनशेती झालेली बागाईत हजार गच्च्यांनी भरून निघत नाही.

हे रक्षण निव्वळ मनाईहुकमांनी होणार नाही. विकास हक्कांच्या हस्तांतरणाची सोय मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीपासून आपल्याकडे आहे. रस्त्यासाठी वा मैदानासाठी जमीन देणाऱ्याला जर असा मोबदला मिळतो, तर जमीन हिरवी राखून शहराचे पाणी मुरविणाऱ्यालाही तो मिळावा. त्याबरोबर पाणी तपासून देण्याची जबाबदारी नगरपालिकेवर आणि कारखान्याचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू न देण्याची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळावर कायद्याने टाकली पाहिजे. जे शहर शेतकऱ्याला विषारी पाणी देते, त्याला त्याच्या भाजीविषयी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही. आणि सार्वजनिक जमिनीवर भाजी काढणाऱ्याला निश्चित मुदतीचा, लेखी करार मिळाला पाहिजे. पुढच्या हंगामात जमीन हाती असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो मातीची काळजी घेत नाही. तो मिळेल ते पाणी घालून मिळेल ते पीक काढून घेतो.

मग गच्चीवरील बागेला काही अर्थ नाही काय? तिचाही अर्थ आहे. घरातला ओला कचरा घरातच जिरविणारे कुटुंब डेपोवरचा भार कमी करते. आणि ज्या मुलाने एक वाफा पेरून त्यावर कीड पडलेली पाहिली, तो मोठेपणी कांद्याचे भाव दोन रुपयांनी वाढले म्हणून शेतकऱ्याला शिव्या देणार नाही. शिक्षण म्हणून ही बाग मोलाची आहे. तिला अन्नधोरणाचे नाव देऊ नये, एवढेच.

महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा अमलात आहे. त्यानुसार प्रत्येक शहराची विकास योजना तयार होते, तिचे नकाशे जाहीर होतात आणि नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यात ना-विकास क्षेत्राचा काही भाग परवडणाऱ्या घरांसाठी खुला करण्यात आला, तो याच मार्गाने. नकाशावरील हिरवा रंग पिवळा होतो तो एका रात्रीत नव्हे. त्याला मुदत असते आणि त्या मुदतीत बोलण्याचा हक्क प्रत्येकाला असतो. बांधकामात ज्यांचे हितसंबंध आहेत ते हा हक्क न चुकता बजावतात. शिक्षक, कारकून व विद्यार्थी, म्हणजे ज्यांना ती भाजी खायची आहे, ते पाणी प्यायचे आहे आणि पुराच्या पाण्यातून घरी चालत जायचे आहे, त्यांच्यापैकी किती जण नगरपालिकेत जाऊन तो नकाशा पाहतात, यावर शहराभोवतीची शेती पुढच्या पिढीला प्रत्यक्ष दिसेल की केवळ गल्ल्यांच्या नावांत उरेल, हे ठरणार आहे.